विहिरीतल्या माणसाचं काय झालं

माकडाचा यात काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आमच्या दहिवलीत अजूनही कोणी त्या रविवारचा विषय काढला की पहिलं नाव त्याचंच निघतं. ते बिचारं डोंगरातून उतरून आलेलं, चैत्रातल्या उन्हानं दमलेलं, आणि आमच्या कौलांवर त्याला बसण्याजोगी एक चकचकीत फांदी दिसली. माणूस असता तरी बसला असता. ती फांदी म्हणजे आमच्या टीव्हीची अँटेना आहे, हे त्याला कोण सांगणार?

आमच्या आळीत टीव्ही एकच, आणि तो आमच्याकडे. यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, त्याचा फार अभिमान. हे कर्जतला तहसील कचेरीत कारकून आहेत, आणि घरात टीव्ही आल्यापासून कचेरीत यांना बसायला हाताची खुर्ची मिळते असं यांचं म्हणणं. शनिवारी मराठी सिनेमा आणि रविवारी संध्याकाळी हिंदी. त्या वेळी आमच्या दारात चपलांचा एवढा ढीग पडतो की नव्या माणसाला वाटावं, या घरात काही बरंवाईट झालंय.

पण रविवारी दुपारी कोणी फिरकत नाही. दुपारी लागतात ते बक्षीस मिळवलेले सिनेमे. कधी बंगाली, कधी कानडी, कधी मल्याळी. खाली इंग्रजीत अक्षरं येतात. त्यात गाणी नसतात, मारामारी नसते, आणि बायका नेसलेल्या साडीतच सबंध सिनेमा काढतात. आळीने एकदा पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणि चपला घालून आळी घरी गेली. लोक गेले, टीव्ही बंद करायचा राहिला. एवढ्यावरून पुढचं सगळं झालं.

चिमा झाल्यापासून मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं, दुःख असतं तर निदान कोणाला सांगता आलं असतं. लेक गुटगुटीत होती, हे चांगले होते, पाणी वेळेवर येत होतं. पण पेपर आला तरी मी त्याची घडी मोडत नसे. दुपट्याखाली घालायला घडीचाच पेपर बरा पडतो. हे कधी कौतुकानं विचारायचे, "आज काय वाचलंस?" मग मला आठवायचं, बाळाच्या भुकटीच्या डब्यावरचं वाचलं, तेही उलट्या बाजूने.

त्या दुपारी हे घोरत होते, चिमा निजली होती आणि मी लंगोटांच्या घड्या घालत बसले होते. टीव्हीवर एक म्हातारा बैल घेऊन चालला होता. चालला होता, चालला होता. माझ्या सगळ्या घड्या झाल्या तरी तो चाललाच होता. मग बैल थांबला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. आणि माझ्या मनात आलं, का थांबला असेल?

तुम्हाला हसू येईल, पण हा 'का' माझ्याकडे कितीतरी महिन्यांनी आला होता. बाळाच्या घरात 'कधी' असतं आणि 'किती' असतं. कधी निजली, किती प्यायली, कधी शी केली. 'का' तिथे उंबऱ्याबाहेरच उभा असतो, त्याला कोणी आत बोलावत नाही. तो त्या बैलाच्या मागून आत आला आणि बसला.

मग मी रविवारची वाट पाहू लागले. सोमवारपासून मनात सिनेमा घोळायचा आणि गुरुवारपासून पुढच्याची ओढ लागायची. डोकं एकदा चालू लागलं की सिनेमापुरतं थांबत नाही. एकदा यांना जेवताना विचारलं, "अहो, पळसदरीच्या धरणात साठलेलं पाणी पुढे कुठे जातं हो?" यांनी डाव्या हाताने माझं कपाळ चाचपून ताप पाहिला.

(इथे चिमा उठली होती. पाणी पुढे कुठे जातं, ते मला अजून कळलेलं नाही.)

आता भागूबाई. भागूबाई आमच्या घरमालकीण. पुढच्या दोन खोल्या आमच्या आणि मागची पडवी त्यांची. एका रविवारी त्या सुपात तांदूळ घेऊन निवडायला आमच्याकडे आल्या, कारण आमच्याकडे पंखा आहे. टीव्हीवर एक बाई दुसऱ्या बाईला काहीतरी सांगत होती.

"काय म्हनते गं ती?" भागूबाईंनी विचारलं.

"म्हणते, मी परत जाणार नाही."

"का बरं?"

बघा. 'का' हा संसर्गजन्य असतो. मी खालची अक्षरं वाचून मराठीत सांगू लागले. थोडं ऐकून भागूबाईंनी हात वर केला. "थांब वाईच. कहानी ऐकायची तर रिकाम्या हाताने नाय ऐकू." असं म्हणून त्यांनी सुपातले चार दाणे उचलून मुठीत धरले आणि पदर डोक्यावरून घेतला. आमच्या भागात बायका श्रावणात कहाणी ऐकतात ती अशीच, मुठीत दाणे धरून. कहाणी सुफळ संपूर्ण झाली की दाणे देवापुढे ठेवायचे. सिनेमाला हा नियम लागू पडतो का, हे मी विचारायला हवं होतं. पण वाचून सांगायला कोणीतरी ऐकणारं मिळालं, या आनंदात मी होते.

त्यानंतर भीमाबाई येऊ लागल्या. भीमाबाई सरकारी दवाखान्यात आया आहेत आणि त्यांचे यजमान धर्माजी रेल्वेच्या सिग्नल खात्यात. सिग्नल कळतो त्याला अँटेना कळणारच, असं आळीने धरून चाललं, म्हणून आमची अँटेना धर्माजींनी लावली. मुंबईच्या आणि आमच्या मध्ये माथेरानचा डोंगर येतो, म्हणून ती उंच हवी, म्हणून कौलातून बांबू काढून त्यावर ती बांधलेली. भीमाबाई सकाळची विहारातली वंदना आटपून, जेवून यायच्या. भागूबाईंची मूठ पाहून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आमच्यात हे सगळं सोडलंय आम्ही. पण हातात काही असलेलं बरं वाटतं खरं." आणि त्यांनी भाजलेले शेंगदाणे धरले. "निदान सिनेमा वाईट निघाला तर खाता येतात," हे त्यांचं म्हणणं.

तर तो रविवार. सिनेमा मल्याळी. सुरुवातीच्या पाट्या जिलब्यांसारख्या गोल गोल. एक बाई आहे, तिला कडेवरचं पोर आहे, नवरा परदेशी गेलाय. विहीर आटलीय. पाणी आणायला तिला पोर कडेवर घेऊन लांब जावं लागतं. एक माणूस येतो आणि विहीर खोल करून देतो म्हणतो. तो रोज दोराला धरून खाली उतरतो आणि मातीची पाटी भरून देतो. ती बाई वरून पाटी ओढते आणि त्याचं जेवण खाली सोडते. सबंध सिनेमाभर तो दोर वर जातो आणि खाली येतो. एवढंच. पण आम्ही तिघी श्वास धरून बसलो होतो. पलीकडे यांचं घोरणंसुद्धा त्या दोराच्या तालावर चाललं होतं.

"मानूस बरा दिसतो," भागूबाई म्हणाल्या.

"दिसतात सगळेच बरे," भीमाबाई म्हणाल्या.

मग एके दिवशी बाई जेवण सोडते आणि खालून उत्तर येत नाही. ती वाकून पाहते. आत अंधार. ती हाक मारते. कडेवरचं पोर रडायला लागतं. ती पोराला खाली ठेवते, दोर हातात घेते, ओढते. दोर ढिला येतो, ढिला येतो, आणि एकदम ताठ होतो.

आणि मुंग्या.

पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर. वर कौलं खडखडली. भीमाबाई धावत अंगणात गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "बसलाय. शेपूट खाली सोडून बसलाय."

पुढच्या गोंधळाचं काय सांगू. हे झोपेतून उठून बनियनवर शिडी चढले. धर्माजी खालून सांगू लागले, "डावीकडे घ्या, डावीकडे," ते यांना सांगत होते की माकडाला हे दोघांनाही कळेना. आळीतल्या एकाने फटाका लावा म्हणून सांगितलं, एकाने हनुमानाचं नाव घ्या म्हणून, आणि एकाने माकडाला केळं दाखवा म्हणून. केळं दाखवल्यावर आणखी दोन माकडं आली. शेवटी ती आपल्या मनाने गेली. बांबू सरळ झाला, आत चित्र आलं, आणि चित्रात एक गृहस्थ वांग्यावरच्या किडीबद्दल बोलत होते.

भागूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. मूठ तशीच.

"मंग?" त्या म्हणाल्या.

"मग संपला असेल."

"संपला तर संपला, पन झालं काय? पानी लागलं का? त्या मानसाचं काय झालं?"

"मला तरी काय ठाऊक, भागूबाई?"

"वाचत तर तू व्हतीस."

भागूबाईंनी दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ मारली. "अर्धी कहानी घरात ठेऊ नये, बाय. लेकराला बाधते." आणि चिमाकडे पाहून त्या पडवीत गेल्या.

मी काही असल्या गोष्टी मानत नाही. तरी चिमाची त्या संध्याकाळी दोनदा दृष्ट काढली. पण खरी गोष्ट वेगळीच होती. मलाच राहवत नव्हतं. भांडी घासताना, पाळणा हलवताना मला तो ताठ झालेला दोर दिसायचा. आणि भीती वाटायची. शेवट कळला नाही तर हळूहळू मी तो विसरेन, मग पुढचा रविवार विसरेन, आणि पुन्हा उलट्या डब्यावरचं वाचत बसेन. एवढ्या दिवसांनी काही जाणून घ्यावंसं वाटलं होतं, ते माकडापायी सोडायचं?

यांनी सल्ला दिला, "मुंबईला टीव्हीवाल्यांना अर्ज कर." यांचा अर्जांवर विश्वास आहे, कारण ते कसे पडून राहतात हे यांनी जवळून पाहिलेलं आहे. धर्माजींनी सुचवलं, रविवारच्या पुरवणीत या सिनेमांबद्दल छापून येतं, ते पाहा. आमच्या घरची पुरवणी मी त्याच दिवशी चिमाखाली घातली होती आणि ती आता वाचण्याच्या पलीकडे गेली होती. म्हणून चिमाला घेऊन मी कर्जतला एका वाचनालयात गेले.

तिथे आबाजी नावाचे गृहस्थ बसतात. "सभासद आहात?"

"नाही. मला फक्त परवाची पुरवणी पाहायचीय."

"पाहायला सभासद व्हावं लागत नाही. बसून पाहायला लागतं."

"मग उभ्याने पाहते."

"महिला विभागात उभ्याने पाहायची सोय नाही. तिथे बाकच आहे."

"मग पुरुष विभागात उभी राहते."

आबाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नसावा. तेवढ्यात चिमाने एका साप्ताहिकाचा कोपरा खाल्ला. मग त्यांनी घाईघाईने सांगितलं की पुरवणी कालच रद्दीत गेली, आणि रद्दी जाते स्टेशनाजवळच्या पोपटशेठ वडेवाल्याकडे. "आणि बाई," ते मागून म्हणाले, "सिनेमाचे शेवट वाचनालयात नसतात. इथे कादंबऱ्यांचेसुद्धा पुष्कळदा फाटलेले असतात."

पोपटशेठच्या गाडीवर गर्दी होती. मी म्हटलं, "मला परवाच्या पुरवणीच्या कागदातला वडा द्या."

"वडा सगळ्या कागदात सारखाच लागतो, ताई."

त्याचं बरोबर होतं. पण पहिला वडा खेळाच्या पानात आला. दुसरा वधूवरांत. तिसरा पुन्हा वधूवरांत. मी आणखी मागत गेले. पोपटशेठने एकदा माझ्याकडे, एकदा कडेवरच्या चिमाकडे पाहिलं आणि एकदम मायेने म्हणाला, "जपून जा हां ताई. पहिली अजून अंगावर आहे ना?" मला वाटलं, बाळंतिणीला तळकट बरं नाही असं सुचवतोय. मी मान हलवली. ही मान मला महागात पडायची होती.

शेवटच्या वड्याचा कागद बरोबर निघाला. मी रस्त्यातच तो उलगडला. विहीर होती, दोर होता, दिग्दर्शकाचं कौतुक होतं. वाचत खाली आले. 'आणि अखेरीस ती स्त्री विहिरीच्या काठावर उभी राहून,' इथवर छापलेलं होतं. पुढे लसणाची चटणी होती.

मी ती बोटाने पुसली. चटणीबरोबर शाईही निघाली.

घरी आले तर भागूबाई कैऱ्या घेऊन दारात उभ्या. "सांगायचं तरी मला. पहिलीला वरीस नाय आन दुसरं. पन पोर होनं चांगलंच. वडे खाल्लेस म्हनं पोटभर." दहिवली आणि कर्जत यांच्यामध्ये नदी आहे, पण बातमीला पूल लागत नाही. मी वडे दाखवले, कागद दाखवला, चटणी दाखवली. त्यांनी सगळं पाहिलं आणि कैऱ्या ठेवून गेल्या, राहू दे म्हणाल्या, लागतील.

हे कचेरीतून आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. कोणीतरी मागितले, म्हणून यांना सगळ्यांना वाटावे लागले होते, त्यातले हे उरलेले. पुडा खाली ठेवून हे माझ्यासमोर बसले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "अगं, तुला मला काही सांगायचंय का?"

"हो," मी म्हटलं. "विहिरीतल्या माणसाचं काय झालं, ते मला कळलंच नाही हो."

लग्नानंतर मी यांना पुष्कळ गोष्टी मागितल्या असतील, पण ही मागणी नवीन होती. मग हे म्हणाले, "दोर ताठ झाला होता. एवढं मी पाहिलं."

"तुम्ही झोपला होता ना?"

"घोरत होतो," हे म्हणाले. "एक डोळा उघडा होता. तुम्ही तिघी इतक्या रंगून पाहत होता, उठलो असतो तर चहा टाकायला उठली असतीस."

मग आम्ही वडे खाल्ले. गार झाले होते. यांनी वधूवरांचं पान मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी किती तरी दिवसांनी पोट धरून हसले.

उपाय काढला भीमाबाईंनी. खोपोलीजवळ साजगावला कारखाने आहेत, त्यातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मूळच्या केरळातल्या एक सिस्टर आहेत. भीमाबाईंची त्यांच्याशी जुनी ओळख. "त्यांच्याकडे टीव्ही हाये. त्यांच्या भाषेतला सिनेमा त्या सोडणार नाहीत."

शनिवारी भीमाबाईंचं अर्ध्या दिवसाचं काम उरकल्यावर आम्ही निघालो. भागूबाईही आल्या. कहाणीचे दाणे त्यांच्या पदरात होते, त्यांच्याशिवाय जाणार कसं? खोपोलीच्या गाडीत फारसं कोणी नव्हतं. पळसदरी आली तशी मी चिमाला खिडकीतून धरणाकडचा डोंगर दाखवला. ती माझ्या बांगडीकडे पाहत राहिली. खोपोलीहून साजगावला जायला टेंपो मिळाला, त्यात मागे लोखंडी पत्रे होते आणि पत्र्यांवर आम्ही. प्रत्येक खड्ड्याला पत्रे वाजायचे आणि चिमा हसायची. भागूबाई पदराची गाठ घट्ट धरून म्हणाल्या, "सिनेमा बगायला मानूस टाकीजला जातो. आमी सिनेमाचा शेवट बगायला कारखान्यात चाललो."

सिस्टर दवाखान्यातच होत्या. पांढऱ्या साडीतल्या, उंच, करड्या. ओळखीच्या भीमाबाई आणि बरोबर बाळ घेतलेली बाई पाहून त्यांनी काही विचारलंच नाही. माझ्या हातातून चिमा घेतली आणि वजनाच्या काट्याला टांगलेल्या झोळीत ठेवली. काटा छताला, झोळी दोराला, झोळीत चिमा. भागूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"वजन छान आहे," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं कमी आहे. काय खाता?"

"वडे," भीमाबाई म्हणाल्या.

"झोप?"

असं मला बाळंत झाल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. सगळे चिमाच्या झोपेबद्दल विचारतात. मी काहीतरी बोलायला म्हणून बोलले, "सिस्टर, आम्ही वजनाला नाही आलो. त्या विहिरीतल्या माणसाचं काय झालं, ते विचारायला आलोय."

सिस्टरांनी आधी भीमाबाईंकडे पाहिलं, ही बाई ठीक आहे ना, अशा अर्थाने. मग त्यांचा चेहरा उजळला. "रविवारचा सिनेमा? तुम्ही बघितला? भाषा कळली?"

आम्हाला त्यांनी मागच्या खोलीत नेलं, चहा ठेवला, केळ्याचे काप दिले. भिंतीवर जिलब्यांच्या अक्षरांचं कॅलेंडर होतं. मी तसं म्हटल्यावर सिस्टर हसल्या. "आणि तुमची अक्षरं? मी पहिल्यांदा स्टेशनची पाटी बघितली तेव्हा वाटलं, कोणीतरी दोरीवर कपडे वाळत टाकले." मला हे ताबडतोब पटलं. चिमा झाल्यापासून मी दुसरं काय वाचत होते?

"तर शेवट," भागूबाई म्हणाल्या. त्यांनी गाठ सोडायला घेतली होती.

"शेवट म्हणजे, तिने दोर ओढला. दोर टाइट झाला. मग तिचं तोंड दिसलं, खूप वेळ. मग नावं आली. संपला."

"आन मानूस?"

"ते दाखवला नाही."

"पानी?"

"नाही दाखवला."

म्हणजे आमचं गेलं होतं ते त्या बाईचं तोंड, एवढंच. माकड निर्दोष होतं.

"तुमच्या मुलखात कहानी अशी सोडतात?" भागूबाईंनी विचारलं. त्यांना खरंच राग आला होता. "पोर खाली ठेवलंय, दोर हातात हाय, आन हे नावं लिवत बसले?"

"माझ्या बहिणीला पण खूप राग आला," सिस्टर म्हणाल्या. "ती म्हणते माणूस गेला. मी म्हणते पाणी आला. फोनवर भांडलो."

भीमाबाईंनी आपल्या पर्समधले शेंगदाणे काढले आणि शांतपणे खायला सुरुवात केली. त्यांच्यापुरता निकाल लागला होता. मी मात्र रडवेली झाले. एवढी वणवण केली ती यासाठी? शेवट कोणाजवळच नव्हता. आबाजी बरोबर बोलले होते.

भागूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, सिनेमातल्यासारखं. मग पदरातले दाणे त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ मिटली.

"धर. तुला ठाव नाय, हिला ठाव नाय, तर मी सांगते. ऐक." त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. "तिनं दोर वढला. जड लागला. तरी वढला. मानूस वर आला, चिखलानं भरलेला, म्हनला, बाई, पानी लागलं. इतकं लागलं की मला बोलाया सुचंना. मंग ती काय म्हनली?"

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हनली, बरं झालं. आता या पोराला घे वाईच. आन तो तिथं काठावर पोराला घेऊन बसला, चिखलाचा. ती गेली घरात, घंगाळ भरलं, दार लावलं आन न्हायली. निवांत न्हायली. डोक्यावरून पानी घेतलं, केस मोकळे केले. कोनी हाक मारली नाय. पोर रडलं तरी तिला कोनी बोलावलं नाय. पानी सरलं तवाच ती भायेर आली." भागूबाईंनी हात जोडले. "जशी तिला सवड गावली, तशी तुमाआमाला गावो. ही कहानी पुरी."

सिस्टर खिडकीबाहेर पाहत होत्या. भीमाबाई शेंगदाणा तोंडाकडे न्यायच्या थांबल्या होत्या. चिमा झोळीतल्यासारखी माझ्या मांडीवरून लोंबत होती, तिला भागूबाईंनी अलगद उचललं. मी मिटलेल्या मुठीने डोळे पुसले.

ते दाणे देवापुढे ठेवायचे होते, पण भागूबाई म्हणाल्या, या कहाणीचा देव कुठला ते ठरलेलं नाही. म्हणून मी ते दुसऱ्या दिवशी चिमाच्या मऊ भातात घातले. तिने सगळा भात अंगाला फासला.

त्या दुपारी सिनेमा कानडी होता. भीमाबाईंना ड्यूटी होती. मी टीव्ही लावला तेवढ्यात भागूबाई आल्या, तांदळाचं सूप न घेताच. त्यांनी चिमाला कडेवर घेतलं, दाराआडची काठी घेतली, आणि अंगणात फणसाखाली बाज टाकून बसल्या, कौलांवर नजर ठेवून. हे आत घोरत होते, दोन्ही डोळे मिटून, मी खात्री करून घेतली. हातात लंगोट नव्हते. पदरात कोणी नव्हतं. पडद्यावर एक मास्तर रिकाम्या वर्गात बसला होता आणि खिडकीतून ऊन हळूहळू फळ्याकडे सरकत होतं. का बसला असेल?

थोड्या वेळाने चिमा कुरकुरली. मी उठायला गेले तशी बाहेर काठी आपटली.

"काय झालं गं पुढं?" भागूबाईंनी खिडकीतून विचारलं.

"अजून काहीच झालं नाही," मी म्हटलं.

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "बस निवांत."